पहिल्या चित्रपटाआधीची दहा वर्षे

‘पारसमणी’ हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा संगीतकार म्हणून प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट १९६३ साली आला, तेव्हा प्यारेलाल शर्मा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात पहिला चित्रपट मिळाला म्हणून त्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे; परंतु ज्याला स्वतः या वाटेने जायचे आहे त्याने वयापेक्षा दुसरा एक हिशेब पाहावा. वडील रामप्रसाद शर्मा हे ट्रम्पेटवादक असल्यामुळे घरात स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, होते, आठव्या वर्षाच्या सुमारास हातात व्हायोलिन आले, गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे रीतसर शिक्षण झाले, आणि घरची ओढाताण सुरू झाल्यावर शाळकरी वयातच स्टुडिओत बसून वाजवणे सुरू झाले. पुढे दुसऱ्या संगीतकारांकडे सहाय्यक आणि अरेंजर म्हणून केलेले काम वेगळेच. म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्यांच्यामागे दहा वर्षांहून अधिक काळाचे वाजवणे, उतरवणे आणि ऐकणे जमा होते. ही दहा वर्षे कशी भरावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो चाल सुचण्याविषयी नाही. चाल सुचत असेल असे मी धरून चालतो. सुचलेले संगीत चाळीस माणसांच्या हाती कागदावर देऊन, त्यांच्यासमोर उभे राहून, पडद्यावरच्या चित्राशी जुळवून वाजवून घेणे हे जे कसब आहे, ते आजच्या संगणकाच्या काळातही माणसाला माणसांतच शिकावे लागते.

पहिली पायरी लिपीची आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक गुणी तरुण इथेच अडतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांना जे स्थान मिळाले त्याचे एक साधे कारण असे की पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जात असे. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा आणि ती ऐकता ऐकता कागदावर उतरवून, तिच्याभोवती व्हायोलिनांचे आणि ब्रासचे (ट्रम्पेटसारख्या पितळी फुंकवाद्यांचे) पार्ट, म्हणजे एकेका वाद्याचे कागद, लिहून, प्रसंगी समोर उभे राहून वाजवून घेण्याचे काम सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर करायचे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले भरगच्च वाद्यवृंद आठवले म्हणजे या कामाचा आवाका लक्षात येईल.

ज्याचे बालपण अशा शाळेत गेले नाही त्याने विशी उलटल्यावरही ही लिपी शिकावी. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळांच्या परीक्षांचा अभ्यासक्रम मुंबई, पुणे आणि गोव्यात शिकवणारे शिक्षक आहेत. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली उभ्या राहिलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची अकादमी आहे. चेन्नईत २००८ पासून केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. आठव्या श्रेणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लागले नाही तरी चालते, परंतु पाचव्या श्रेणीपर्यंतचे लिपीशास्त्र पक्के असल्याशिवाय स्टुडिओत पाऊल टाकू नये. ज्याला सरगम येते त्याने रोज एक भावगीत किंवा अभंग आधी सरगममध्ये आणि लगेच शेजारी पाच रेघांवर उतरवावा. तीन-चार महिन्यांत दोन्ही लिपी एकमेकींशी बोलू लागतात, आणि मुंबईत त्या दोन्ही लागतात, कारण एकाच खोलीत व्हायोलिनवाला पाच रेघा वाचत असतो आणि त्याच्या पलीकडचा बासरीवाला देवनागरीत लिहिलेली सरगम.

लिपीच्या पुढचा खड्डा म्हणजे स्वर बदलून लिहावी लागणारी वाद्ये. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचे तर नेहमीच्या क्लॅरिनेटवाल्याने आणि ट्रम्पेटवाल्याने कागदावर पांढरी एक पाहून वाजवले की कानी काळी पाच येते; म्हणून तुम्हाला पांढरी एक हवी असेल तर त्याला पांढरी दोन लिहून द्यावी लागते. अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावरची पांढरी एक काळी दोन होऊन ऐकू येते, आणि तीही खालच्या अंगाने. फ्रेंच हॉर्न लिहिल्यापेक्षा पाच स्वर खाली बोलतो. डबल बेस आणि गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली असतात, तर व्हियोलाची (थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या व्हायोलिनची) किल्लीच, म्हणजे रेघांवरचे स्वर ठरवणारी खूणच, निराळी असते. हे सगळे तक्त्यावरून पाठ करणे सोपे आहे, पण अंगात भिनायला एक अपमान लागतो. माझ्या पहिल्या सेशनला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या बैठकीला, मी हॉर्नचा पार्ट सरळच उतरवून नेला होता. कागदावर सा होता आणि ऐकू आला मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, मध्यम. दोन्ही हॉर्नवादक ज्येष्ठ होते, ते काही बोलले नाहीत, फक्त वाद्ये मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. संगणकावरचे स्वरलिपीचे सॉफ्टवेअर आता हे बदल आपोआप करते हे खरे, परंतु सेशनमध्ये वादकाने “माझ्याकडे इथे कुठला स्वर आहे?” असे विचारले की उत्तर सॉफ्टवेअरने नव्हे, तुम्ही द्यायचे असते, आणि तेही त्याच्या कागदावरच्या स्वरात.

लिपी येऊ लागली की वाद्यवृंदासमोर जाण्याची घाई करू नये. आधी वाद्यवृंदात बसावे. झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद-संचालन शिकायला गेले, तेव्हा त्यांच्या घरी वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये उभारलेला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा होता. तरीही तिथे त्यांनी डबल बेस हाती घेतला. मोठ्या संचालकांच्या तालमी बाहेरच्यांना पाहू देत नसत, म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडिओ अब्बादो चक्क गायकवृंदात भरती झाले. गाणाऱ्यांच्या रांगेतून संचालकाचा चेहरा आणि डावा हात समोरून दिसतो, आणि श्रोत्यांना तो कधीच दिसत नाही. चित्रपटसंगीतकार जॉन विल्यम्स हॉलिवूडमध्ये आधी दुसऱ्यांच्या सेशनना पियानो वाजवत होते. मराठीतली उदाहरणे याहून वेगळी नाहीत. प्रभाकर जोग व्हायोलिनवादक म्हणून सुधीर फडक्यांच्या सोबत राहिले आणि त्यातूनच सहाय्यक, संयोजक आणि संगीतकार झाले. अनिल मोहिले यांचेही मूळ वाद्य व्हायोलिनच. वसंत देसाई तर कोल्हापूरच्या ‘प्रभात’मध्ये पडेल ते काम करत शिरले आणि तिथल्या दिग्गज संगीतकारांच्या हाताखाली तयार झाले.

तुमचे वाद्य पेटी, की-बोर्ड किंवा तबला असेल तर थोडी अडचण आहे, कारण ही वाद्ये घोळक्यात बसत नाहीत. अशा वेळी कोणत्याही गायकवृंदात जावे: चर्चच्या, महाविद्यालयाच्या, आकाशवाणीच्या, मिळेल त्या. किंवा दोन वर्षे व्हियोला शिकावा. व्हियोलावाल्यांची सर्वत्र वानवा असते, त्यामुळे बेताचे वाजवणाऱ्यालाही हौशी वाद्यवृंदात जागा मिळते, आणि व्हियोलाची खुर्ची वाद्यवृंदाच्या पोटातच असते. तिथे बसून ज्या गोष्टी कळतात त्या पुस्तकात सापडत नाहीत. समोरचा माणूस हात खाली आणतो त्या क्षणी आवाज येत नाही, किंचित नंतर येतो. बेसचा आवाज त्याहून उशिरा पोहोचतो. वादक तुमच्याकडे सतत पाहत नसतो, तर कागदाच्या वरच्या कडेतून मधूनमधून डोकावतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात तुमच्याकडून त्याला नेमके हवे ते मिळाले नाही तर तो शेजाऱ्याच्या कमानीचा (वाजवण्याच्या गजाचा) आधार घेतो. शंभर वेळा तो वादक तुम्ही स्वतः झाला असाल, तरच समोर उभे राहिल्यावर तुमचा हात स्वच्छ राहील.

आता सर्वांत कंटाळवाण्या आणि माझ्या मते सर्वांत मोलाच्या कामाकडे वळतो. ते काम म्हणजे पार्ट काढणे. अरेंजरने लिहिलेल्या पूर्ण स्कोअरमधून एकेका वाद्याचा कागद वेगळा करून देणाऱ्याला कॉपिस्ट म्हणतात. पूर्वी हे काम हाताने आणि रात्रभर जागून होत असे. आज ते संगणकावर होते, म्हणून कमी मानाचे झाले आहे आणि म्हणूनच नवख्याला सहज मिळते. ते मागून घ्यावे. एखाद्या अरेंजरकडे जाऊन “मला संधी द्या” असे म्हणण्यापेक्षा “तुमचे पार्ट मी काढून देतो आणि सेशनला कागद वाटायला येतो” असे म्हणावे. पहिल्या वाक्याला उत्तर मिळत नाही, दुसऱ्याला बहुधा मिळते.

पार्ट चांगला कशाने होतो ते सविस्तर सांगतो, कारण पुढे तुमचे नाव याच कागदावरून होणार आहे. प्रत्येक बारला, म्हणजे ठरावीक मात्रांच्या कप्प्याला, क्रमांक असावा, निदान प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तरी असावाच, आणि तो स्कोअरमधल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळलेला असावा. वादकाला सोळा बार गप्प बसायचे असेल तर नुसते “१६” लिहून भागत नाही. शेवटच्या दोन बारांत दुसरे कोणते वाद्य काय वाजवते ते बारीक स्वरांत लिहावे, म्हणजे तो मोजणीत चुकला तरी कानाने परत येतो. पान उलटण्याची जागा विश्रांतीत आली पाहिजे. व्हायोलिनवाले एका स्टँडवर दोघे बसतात, त्यांतला आतला वादक पान उलटतो, त्यामुळे ऐन भरात पान उलटावे लागले तर तुमच्या व्हायोलिनांचा आवाज निम्मा होतो, आणि ध्वनिमुद्रणात पानाची फडफडही येते. कागद जाड आणि मॅट घ्यावा; चकचकीत कागदावर दिवा चमकतो आणि पातळ कागद वाजतो. व्हायोलिनांच्या कमानीच्या खुणा (गज वर ओढायचा की खाली) शक्य तेवढ्या आधी कराव्यात, परंतु शेवटचा शब्द पहिल्या खुर्चीवरच्या वादकाचा, हे मान्य करून पेन्सिलीने कराव्यात. फुंकवाद्यांना श्वास कुठे घ्यायचा ते दाखवावे. पेटीवर चाल बसवणाऱ्या माणसाला श्वासाचा विसर पडतो. पेटीला भाता असतो, क्लॅरिनेटवाल्याला छाती.

भारतीय ढंगाची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, लिहिताना विशेष सावध राहावे. दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ मारली की पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेली बारा व्हायोलिने बारा प्रकारे घसरतात. शिवाय आपल्या शास्त्रीय पद्धतीचा व्हायोलिनवादक तारा सा-प-सा-प अशा मिळवतो आणि पाश्चात्त्य वादकाच्या तारा मात्र ठरलेल्या चार स्वरांत असतात, त्यामुळे एकाला जी मींड एका तारेवर सहज मिळते ती दुसऱ्याला तार बदलून घ्यावी लागते. यावर उपाय असा की मींडेतला मधला स्वर छोट्या आकारात लिहून द्यावा, ती किती मात्रांत संपायची ते स्पष्ट करावे, आणि सेशनमध्ये एकदा स्वतः गाऊन दाखवावी. आवाज कसाही असो, गाऊन दाखवायची लाज ठेवू नये.

कंडक्टर म्हटले की आपल्याकडे अजूनही आधी एसटीतला आठवतो, पण त्याच्याकडूनही एक गोष्ट घेण्यासारखी आहे: घंटी एकदाच आणि निःसंदिग्ध वाजते. हाताचे मूळ नमुने आठवडाभरात येतात. चार मात्रांना खाली, आत, बाहेर आणि वर. तीन मात्रांना खाली, बाहेर आणि वर. आपल्या माणसाला जड जाते ते वेगळेच. आपण लहानपणापासून टाळीने ताल धरलेला असतो, आणि टाळी म्हणजे मात्रा घडल्याची नोंद असते. संचालकाच्या हाताला मात्रा घडण्याआधी ती सांगायची असते. सुरुवातीच्या मात्रेआधी जो हात वर उचलायचा, त्या एका उचलण्यातच लय, जोर आणि श्वास या तिन्ही गोष्टी असायला हव्यात. तबल्यातला उठाव समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, चाहूल देतो तसाच हा प्रकार आहे. आरशासमोर उभे राहून केवळ ही एक उचल निरनिराळ्या लयींत महिनाभर करावी.

आपल्या तालांची जुळवणी मात्र समजून घ्यावी लागते. दादरा सहा मात्रांचा असला तरी मध्य आणि द्रुत लयीत हाताचे सहा फटके देत बसू नये, तीन-तीनच्या दोन ठोक्यांत तो सांभाळावा. झपताल दोन-तीन-दोन-तीन अशा चार असमान ठोक्यांत बसतो. रूपकात मात्र गफलत होते. त्याची सम ‘खाली’च्या जागी येते, म्हणजे आपल्याकडे ताल धरणारा त्या मात्रेला टाळी न देता हात हवेत उलटा करतो, आणि वाद्यवृंदाला तर समेला हात ठामपणे खाली आलेला लागतो. दोघेही समोर असतील तर तबलजीला आधीच सांगून ठेवावे की समेला माझा हात खाली येईल, आणि पुढे तीन-दोन-दोन अशा तीन ठोक्यांत सात मात्रा पुऱ्या कराव्यात.

यानंतर चित्र. गाण्याचा संगीतकार आणि पार्श्वसंगीताचा संगीतकार यांच्यातला खरा फरक घड्याळाचा आहे. दिग्दर्शकासोबत चित्रपट पाहताना संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार आणि मध्ये कोणत्या क्षणाला ते चित्राला स्पर्श करणार, हे टाइमकोडसह, म्हणजे चित्रासोबत धावणाऱ्या वेळेच्या आकड्यांसह, लिहून घ्यावे, आणि त्या वेळी पेटीला हात लावू नये. समजा, एक प्रसंग सत्तेचाळीस सेकंदांचा आहे, आणि सुरुवातीपासून १८.५ सेकंदांवर दार उघडते. तुमच्या मनातली लय मिनिटाला ९६ मात्रांची आहे, म्हणजे एक मात्रा ०.६२५ सेकंदाची. १८.५ ला ०.६२५ ने भागले की २९.६ येतात, म्हणजे दार तिसाव्या आणि एकतिसाव्या मात्रेच्या मध्ये कुठेतरी उघडते आणि तिथे वाजवण्यासारखे काहीच नसते. चार-चारच्या बारांत नवव्या बारची सम तेहेतिसाव्या मात्रेवर येते, तिच्याआधी बत्तीस मात्रा व्हाव्या लागतील आणि त्यासाठी लय जवळजवळ १०४ करावी लागेल. ती घाईची वाटेल. आठव्या बारच्या समेवर दार आणायचे तर अठ्ठावीस मात्रा आणि लय ९१ च्या आसपास, ती रेंगाळेल. आता सात बार चारचे ठेवून आठवा बार दोनच मात्रांचा करावा. एकूण तीस मात्रा होतात, लय ९७.३ येते, मनातल्या लयीपासूनचा तिचा फरक कानाला कळणारही नाही, आणि दार थेट समेवर उघडते. एवढे गणित कागदावर करता येऊ लागले की निम्मा पार्श्वसंगीतकार तयार झाला असे समजायला हरकत नाही. जुने लोक हेच गणित फ्रेममध्ये करत: सेकंदाला चोवीस फ्रेम, मिनिटाला १४४०, म्हणून बारा फ्रेमची मात्रा म्हणजे १२० ची लय. हे उलटसुलट तोंडी यावे. स्पर्श किंचित चुकणारच असेल तर तो चित्राच्या एक-दोन फ्रेम मागे पडू द्यावा. पुढे गेलेला स्वर मात्र लगेच खुपतो.

हेडफोनमधल्या क्लिकवर, म्हणजे लयीच्या टिकटिकीवर, वाजवून घेणे आज सर्रास चालते आणि नवख्याने तेच करावे. परंतु क्लिक आहे म्हणून हात ढिला सोडू नये, कारण क्लिक मात्रा सांगते, वाक्य कुठे फुलायचे ते सांगत नाही. संगीतकार आल्फ्रेड न्यूमन यांच्या काळात हॉलिवूडमध्ये पडद्यावर तिरकी सरकणारी रेघ आणि तिच्या शेवटी चमकणारा ठिपका पाहून संचालक मोकळ्या लयीत वाजवून घेत असत. ती पद्धत आजही वापरात आहे आणि भावनेच्या संथ प्रसंगांना क्लिकपेक्षा चांगली मानवते. ती शिकायची झाल्यास घरी कोणत्याही दृश्यावर एकट्या पियानोवाल्या मित्राला समोर बसवून सराव करावा.

प्रत्यक्ष सेशनचा दिवस हा पैशांच्या मोजणीचा दिवस असतो. लंडन आणि लॉस एंजेलिसमध्ये सेशन बहुधा तीन तासांचे धरतात. बुडापेस्ट, प्राग किंवा स्कोप्ये इथले वाद्यवृंद तासाच्या हिशेबाने मिळतात आणि कित्येक भारतीय संगीतकार तिकडे इंटरनेटवरून हजेरी लावतात. आपल्याकडे शिफ्टची भाषा चालते. कुठेही असलात तरी नवख्याने तीन तासांत आठ-दहा मिनिटांच्या तयार संगीतापेक्षा जास्त मनात धरू नये. पहिला तुकडा मध्यम अवघड असावा, म्हणजे ध्वनिमुद्रकाला आवाज बसवता येतो आणि वादकांचे हात मोकळे होतात. दुसरा सर्वांत अवघड घ्यावा. ब्रासचे उंच स्वर शेवटच्या तासाला ठेवू नयेत. ओठ थकलेले असतात. संपूर्ण ताफा लागणारे तुकडे आधी उरकून मग माणसे सोडत जावे. शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी एक सोपा, लांब स्वरांचा तुकडा राखून ठेवावा. वेळ उरला तर तो होतो, आणि न उरला तर तो नंतर की-बोर्डवर भागवता येतो.

सुरुवातीच्या स्वरमिळवणीत पेटी किंवा सनई असेल तर आदल्या दिवशीच तिचा सूर तपासून घ्यावा. वाद्यवृंद ४४० हर्ट्झच्या पांढरी सहावर मिळतो. जुनी पेटी त्याच्या वर बोलत असेल तर ती त्या दिवशी खाली येणार नाही. ध्वनिमुद्रकाला ४८ किलोहर्ट्झ हा सॅम्पलिंगचा (आवाज सेकंदाला किती वेळा नोंदायचा याचा) आकडा तोंडी नव्हे, लेखी द्यावा. चित्रपटाचे काम ४८ वर असते आणि कुणी नकळत ४४.१ वर मुद्रित केलेली फाइल तशीच ४८ च्या वेगाने वाजली, तर सगळे संगीत सुमारे दीड अर्धस्वर वर चढते आणि चित्राच्या आधी संपते.

स्टँडमागे उभे राहिल्यावर बोलण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी बारचा क्रमांक, मग वाद्य, मग सूचना. “बेचाळिसावा बार, दुसरी व्हायोलिने, तिसऱ्या मात्रेपासून हलके.” याउलट “ते जरा हलके करा ना, तुम्ही, तिथे, जिथे बासरी येते” असे म्हटले की चाळीस माणसे चाळीस ठिकाणी पाहतात आणि एक मिनिट जाते. ज्येष्ठ वादकाची चूक सर्वांसमोर नावाने सांगू नये. “हा बार पुन्हा घेऊ या दादा, माझा हात नीट आला नाही” असे म्हटले तरी त्यांना कळते आणि पुढच्या टेकला चूक नसते. आणि चूक खरोखर तुमच्या कागदात निघाली, तर ती ताबडतोब आणि मोठ्याने मान्य करावी, कारण आपल्या वाट्याला आलेला खोटा दोष वादक वर्षानुवर्षे विसरत नाही. एकाच वेळी संचालन आणि ऐकणे या दोन्ही गोष्टी पहिल्या चार-पाच सेशनना जमत नाहीत. आत काचेमागे स्कोअर घेऊन बसणारा एक विश्वासू कान ठेवावा, आणि त्याने “पुन्हा” म्हटले की वाद न घालता पुन्हा घ्यावे.

पैशांविषयी थोडक्यात. वादकांचे मानधन सिने म्युझिशियन्स असोसिएशनसारख्या संघटनेच्या दराने, ठरल्या दिवशी, तुमचे स्वतःचे मिळण्याची वाट न पाहता द्यावे. निर्माता पैसे देण्यात रखडला हा वादकाचा दोष नसतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने संगीतकाराला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळून, इतर वापराच्या रॉयल्टीत समान वाटा दिला आहे आणि तो हक्क करारातून सोडून देता येत नाही. म्हणून करारावर सही करण्याआधी तो कलम-कलम वाचून घ्यावा, संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या, १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व पहिल्याच चित्रपटाच्या वेळी घ्यावे, आणि कोणता तुकडा चित्रपटात कुठे व किती सेकंद वाजतो याचा तक्ता स्वतः बनवून द्यावा. तो तक्ता कुणी दुसऱ्याने बनवला तर त्यात तुमची चार मिनिटे हरवतात.

अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये रागांवर आधारलेल्या आपल्या रचना वाजवायला शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांची गाणी वाजवणारी माणसेच संध्याकाळी त्यांच्यासमोर वाद्ये घेऊन बसली होती. चित्रपटाचे काम मिळत नसेल त्या वर्षांत हे करावे. दहा-बारा ओळखीचे वादक, एखाद्या शाळेचे सभागृह, स्वतःची पंधरा मिनिटांची रचना आणि वादकांना निदान चहा, वडापाव व जाण्यायेण्याचे भाडे, एवढ्यावर वर्षातून दोनदा तालीम करता येते. ती ध्वनिमुद्रित करावी आणि चित्रफीतही घ्यावी, परंतु कॅमेरा स्वतःकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे वादकांना आपला हात कसा दिसतो ते घरी पाहता येते.

सेशन संपल्यावर वादक घाईत निघतात आणि कागद स्टँडवरच राहतात. ते गोळा करावेत. प्रत्येकाच्या पार्टवर पेन्सिलीच्या खुणा असतात: पहिल्या व्हायोलिनवाल्याने फिरवलेली कमान, बासरीवाल्याने श्वासासाठी गाळलेला स्वर, अवघड बारवर काढलेला चष्मा, म्हणजे इथे संचालकाकडे पाहा अशी स्वतःलाच दिलेली सूचना. जिथे पाच-सहा जणांनी एकाच बारवर चष्मा काढला असेल, तिथे तुमचा हात अस्पष्ट होता किंवा तुमचा कागद. त्याच रात्री त्या खुणा लाल पेनाने आपल्या स्कोअरमध्ये उतरवून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी त्या कशासाठी होत्या ते आठवत नाही.